अडीच मिलिमीटरचे दार : ग्राफिंग कॅल्क्युलेटर, एक केबल आणि मालकीचा प्रश्न

१/ १९९४ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-८५ या कॅल्क्युलेटरमध्ये काही हौशी प्रोग्रॅमरांनी असा प्रोग्रॅम शिरवला, ज्यासाठी कंपनीने वाटच ठेवली नव्हती. यंत्र उघडावे लागले नाही, सोल्डरिंग करावे लागले नाही. संगणकाला जोडणारी एक केबल पुरेशी ठरली. #इतिहास #धागा

२/ आपल्याकडे दहावी-बारावीच्या परीक्षांत कॅल्क्युलेटरला सहसा मज्जाव असल्याने हे यंत्र अनेकांनी पाहिलेलेही नसेल. समीकरण दिले की पडद्यावर आलेख काढणारा कॅल्क्युलेटर कॅसिओने १९८५ मध्ये बाजारात आणला (एफएक्स-७०००जी). अमेरिकेत १९९५ पासून एपी कॅल्क्युलस परीक्षेत असे यंत्र आवश्यक ठरले आणि ते लाखो दप्तरांत पोहोचले. म्हणजे ज्या वयात स्वतःचा संगणक असणे दुर्मीळ होते, त्या वयात मुलांच्या हाती एक प्रोग्रॅम करता येण्याजोगे यंत्र आले. पुढची सारी कथा या एका गोष्टीतून घडते.

३/ टीआय-८१ (१९९०) ला बाहेरच्या जगाशी जोडणारे काहीच नव्हते. १९९२ च्या टीआय-८५ ला तळाशी एक छोटे भोक मिळाले : २.५ मिलिमीटरचा जॅक, हेडफोनच्या नेहमीच्या जॅकहून बारीक. हेतू साधा होता. दोन कॅल्क्युलेटरांत प्रोग्रॅमची देवाणघेवाण व्हावी आणि संगणकावर बॅकअप ठेवता यावा.

४/ या जोडणीची रीत मोठी मोहक आहे. जमिनीची तार सोडली तर तारा फक्त दोन, आणि निवांत असताना दोन्हींवर व्होल्टेज असते. शून्य पाठवायचे तर पाठवणारा पहिली तार खाली ओढतो. घेणारा दुसरी तार ओढून 'पोचले' असे कळवतो. मग पहिला आपली तार सोडतो, त्यानंतर दुसरा. एक पाठवायचा तर तारांची अदलाबदल. प्रत्येक बिटासाठी असा हाक-होकार!

५/ येथे घड्याळाचा ठोका नाही. ज्याला वेळ लागेल त्याच्यासाठी दुसरा थांबतो. म्हणून ६ मेगाहर्ट्झचा झेड-८० प्रोसेसर आणि त्याहून कितीतरी वेगवान संगणक एकमेकांशी विनातक्रार बोलू शकत. मात्र त्याची किंमत अशी, की संगणकाला त्या तारांवर क्षणोक्षणी स्वतः नजर ठेवावी लागे.

६/ आता १९९४ कडे परतू. बॅकअप म्हणजे कॅल्क्युलेटरच्या मेमरीची जशीच्या तशी प्रत. ती संगणकावर आली की तिच्यातले बाइट बदलता येतात. 'कस्टम' मेनूतील एका नोंदीचा पत्ता बदलून, ती प्रत केबलवरून परत पाठवली गेली. मेनूतील ती नोंद दाबताच प्रोसेसर थेट यंत्रभाषेतील सूचना पाळू लागला. हेच 'झेडशेल'. संथ बेसिकच्या जागी वेगवान खेळ आले. कंपनीने हे फार मनावर घेतले नाही. उलट १९९६ च्या टीआय-८३ मध्ये असे प्रोग्रॅम चालवण्याची सोय यंत्रातच होती.

७/ कंपनीची राखाडी केबल महाग वाटे, तेव्हा विद्यार्थी घरीच केबल बनवत. संगणकाच्या प्रिंटरच्या, म्हणजे पॅरलल पोर्टच्या, पिना थेट त्या दोन तारांना जोडायच्या. सुटे भाग मोजकेच. सारी हुशारी सॉफ्टवेअरमध्ये.

८/ डॉस आणि विंडोज ९५ च्या काळात हे चालून गेले, कारण तेथे कोणताही प्रोग्रॅम पोर्टला थेट हात लावू शके. विंडोज एनटी, २००० आणि एक्सपी यांनी ती मुभा काढून घेतली. पोर्टपर्यंत पोहोचायचे तर कर्नलमध्ये बसणारा ड्रायव्हर हवा! केबल तीच, कॅल्क्युलेटर तोच, पण संगणक बदलताच दोघांचे बोलणे तुटले. सुरक्षेच्या दृष्टीने हा बदल योग्यच होता, हे मान्य करायला हवे. झळ बसली ती घरगुती केबलला.

९/ ही उणीव हौशी मंडळींनीच भरून काढली. 'टीआयएलपी' या मुक्त प्रकल्पाने विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर जुन्या-नव्या केबली चालवल्या. लिनक्सच्या कर्नलमध्ये तर 'टीआयपार' हा पॅरलल केबलचा आणि 'टीआयजीएलयूएसबी' हा यूएसबी केबलचा, असे दोन ड्रायव्हर समाविष्ट झाले. शालेय कॅल्क्युलेटरच्या तारेला कर्नलमध्ये स्थान! पुढे ते दोन्ही काढण्यात आले.

१०/ कंपनीशी खरी ठिणगी पडली २००९ मध्ये. १९९९ च्या टीआय-८३ प्लसमध्ये फ्लॅश मेमरी होती आणि ऑपरेटिंग सिस्टिमही केबलवरूनच बदलता येई. पण कंपनीची डिजिटल सही असेल तरच यंत्र ती स्वीकारे. त्या सहीची किल्ली ५१२ बिटांची. १९९९ मध्ये एवढ्या संख्येचे अवयव पाडायला शेकडो संगणक लागले होते. २००९ मध्ये एका हौशी तरुणाने ते काम घरच्या एका संगणकावर ७३ दिवसांत केले.

११/ उरलेल्या किल्ल्या अनेकांनी आपापले संगणक एकत्र जुंपून शोधल्या. कंपनीने अमेरिकेच्या डीएमसीए कायद्याखाली नोटिसा धाडल्या आणि काही ठिकाणांहून किल्ल्या हटल्या. तेव्हा इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन हौशींच्या बाजूने उभी राहिली. विकत घेतलेल्या यंत्रात स्वतः लिहिलेली सिस्टिम घालणे ही चोरी कशी, हा तिचा सवाल होता. किल्ल्या पुन्हा प्रसिद्ध झाल्या.

१२/ कंपनीची बाजूही अगदीच पोकळ नव्हती. हेच यंत्र परीक्षा-दालनात जाते. त्यात कोणी काहीही भरू शकत असेल, तर परीक्षा मंडळ त्यावर विश्वास का ठेवील? या ताणातूनच २०२० मध्ये टीआय-८४ प्लस सीईच्या नव्या आवृत्तीतून यंत्रभाषेतील प्रोग्रॅमांची सोय काढून टाकण्यात आली. पुढे हौशी मंडळींनी त्यावरही तोड शोधली. तीही केबलवरूनच यंत्रात शिरली.