खुंट्या कुठे असाव्यात? इंदापूरच्या रिंगणातील वीणा, मिरजेचा तंबोरा आणि माथा नसलेली बेस गिटार

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी या मार्गाने इंदापुरात येते. बेलवाडीला आणि इंदापूरला गोल रिंगण होते. त्यात पताकाधारी धावतात, डोईवर तुळस घेतलेल्या स्त्रिया धावतात, पखवाजवादक धावतात आणि विणेकरीही धावतात. गळ्यात चार तारांचे वाद्य अडकवून रिंगणात धावावे लागते, अशी परीक्षा जगातील फार थोड्या तंतुवाद्यांना द्यावी लागत असेल.

वाद्याच्या घडणीचा इतिहास समजून घ्यायचा तर सुरुवात या रिंगणापासून करणे सोयीचे. तंतुवाद्य घडवणाऱ्यापुढे सर्वत्र तेच दोन प्रश्न असतात. तार ताणायची खुंटी कोणत्या टोकाला बसवायची? आणि जाड तार व बारीक तार यांची लांबी एकच ठेवायची की वेगवेगळी?

या प्रश्नांची आजची सर्वात चर्चेतील उत्तरे बेस गिटारमध्ये दिसतात. लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणली. तिच्या तारेची कंप पावणारी लांबी ३४ इंच होती व तेच माप पुढे रूढ झाले. मात्र लांब दांडीच्या टोकाला धातूच्या चार जड खुंट्या आल्याने गळ्यात अडकवलेले वाद्य त्या बाजूला झुकू लागले. १९७९-८० च्या सुमारास अमेरिकेतील नेड स्टाइनबर्गर यांनी माथाच काढून टाकला. कार्बन तंतू व राळ यांपासून घडवलेल्या त्यांच्या एल-२ बेसमध्ये तार वरच्या टोकाला नुसती अडकते आणि तिचा ताण खाली, घोडीपाशी बसवलेल्या स्क्रूने कमी-जास्त होतो. (अशा वाद्याला 'बिनडोक्याचे' म्हटले तर मराठीत घडवणाऱ्याचाच अपमान होईल. म्हणून येथे 'बिनमाथ्याचे' म्हणणे बरे.)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यानंतर थोड्याच वर्षांत आले. स्वर जितका खालचा, तितकी तार जाड हवी किंवा लांब हवी. लांबी न वाढवता केवळ जाडी वाढवत नेली, तर तार ताठर होते आणि तिचा नाद गढूळ होतो. राल्फ नोवाक यांनी १९८९ मध्ये पंख्यासारख्या तिरप्या पडद्यांचे पेटंट मिळवले, त्यामुळे एकाच दांडीवर खर्जाची तार लांब व वरच्या स्वराची आखूड ठेवता येऊ लागली. कॅनडातील शेल्डन डिंगवॉल यांच्या बेसमध्ये हे अंतर ३७ इंचांपासून ३४ इंचांपर्यंत जाते, पण त्यांनी माथा कायम ठेवला आहे. जपानच्या इबानेझची ईएचबी १००५ एमएस बिनमाथ्याची आहे, आणि तिच्यात लांबीचा पल्ला ३५ ते ३३ इंच असा माफक आहे. डिंगवॉलच्या वाद्यात खालची तार अधिक ताठ व स्पष्ट बोलते, पण डावा हात लांबवर न्यावा लागतो. इबानेझचे वाद्य हलके व प्रवासाला सोयीचे, मात्र खर्जाला तितकी जास्तीची लांबी मिळत नाही. पूर्णपणे सरस असे दोहोंतले कोणतेच नाही.

हे सारे या शतकाचे शोध आहेत, असे अनेकदा सांगितले जाते. ते खरे नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या इंग्लंडमध्ये ऑर्फेरियन नावाचे धातूच्या तारांचे वाद्य होते आणि त्याची घोडी व पडदे तिरपे असत. कारणही हेच होते, खालच्या तारेला अधिक लांबी मिळावी.

तंबोऱ्याची गोष्ट तर याहून रंजक आहे. त्याच्या खुंट्या माथ्यावर असतात, परंतु खुंटीने तार फक्त स्वराच्या जवळ आणली जाते. अचूक स्वर मिळतो तो भोपळ्याच्या बाजूला, घोडीच्या पलीकडे तारांत ओवलेल्या मण्यांनी. मणी किंचित खाली सरकवला की ताण वाढतो. म्हणजे सूक्ष्म जुळवणी तळाशी करण्याचे तत्त्व आपल्या गायकांच्या बोटांना स्टाइनबर्गर यांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. लांबीचा प्रश्न मात्र तंबोऱ्याने निराळ्या रीतीने सोडवला. पुरुषी आवाजासाठी सुमारे पाच फुटांचा मोठा तंबोरा आणि स्त्रियांच्या स्वरासाठी आखूड तंबोरा, अशी दोन वेगळी वाद्ये झाली. एकाच तंबोऱ्यात खर्ज व पंचम यांतला फरक तारेच्या जाडीने आणि धातूने साधला जातो.

हे तंबोरे घडतात मिरजेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रजी अंमलात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांचा धंदा बसला, तेव्हा फरीदसाहेब शिकलगार यांनी वाद्यांची दुरुस्ती व मग निर्मिती हाती घेतली, असे मिरजेची परंपरा सांगते. त्यांचे वंशज 'सतारमेकर' म्हणून ओळखले जाऊ लागले. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय आणि पुढे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य यांनी त्या कारागिरीला कान मिळाले, आणि वाद्याला हातापेक्षा कानच अधिक घडवतो.

भोपळा मात्र येतो भीमाकाठाहून. इंदापूर तालुक्याच्या कडेने वाहणारी भीमा नीरा-नरसिंहपूरला नीरेला भेटते आणि पुढे पंढरपूरकडे जाते. तेथे, पंढरपूर-मंगळवेढा परिसरात, मोठा कडू भोपळा पिकवतात. तो खायच्या उपयोगाचा नसतो. पूर्ण वाळवून, कापून, आतून कोरून तंबोऱ्याचा तुंबा होतो. वारकऱ्यांची वाट आणि तुंब्याची नदी अशा रीतीने एकाच दिशेने जातात.

आता पुन्हा विणेकऱ्याकडे. त्याच्या एका हाताची बोटे तारांवर आणि दुसऱ्या हातात चिपळ्या. वीणा उभी, खांद्याशी टेकलेली असते. वजन सरळ खाली जाते, त्यामुळे माथ्यावरच्या खुंट्यांनी ती एका बाजूला ओढली जात नाही. ज्या गैरसोयीने स्टाइनबर्गर यांना माथा काढायला लावला, ती येथे उद्भवतच नाही. शिवाय सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. पहारा बदलताना एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि देणारा-घेणारा दोघेही परस्परांना नमस्कार करतात. अशा वाद्याचा माथा काढण्याचा विचार कोणा कारागिराच्या मनात आला असेल, असे वाटत नाही.

अमेरिकेत बेसचा माथा उडाला त्याच सुमारास, १९७९ मध्ये, बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. त्यात माथा, दांडी, भोपळा, तारा यांपैकी काहीच उरले नाही. मैफलीत मिरजेचा तंबोरा राहिला, पण रोजच्या रियाजातून तो मोठ्या प्रमाणावर हटला, आणि कारागिराचे पोट अनेकदा रियाजाच्या वाद्यावरच चालते. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले ते २०२४ साली, म्हणजे त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी.