रविवारचा चहा

गेल्या महिन्यात आमच्या पुस्तकमंडळाची बैठक माझ्या घरी होती. आम्ही सात-आठ जण, बहुतेक सगळे आयटीतलेच. महिन्यातून एका रविवारी जमायचं, ठरलेल्या पुस्तकावर बोलायचं. ज्याच्या घरी बैठक त्याने चहा करायचा, बाकीच्यांनी एकेक पदार्थ आणायचा. या वेळी एका मित्राने डब्यातून साबुदाणा वडे काढले आणि पाठोपाठ सॅकमधून स्वतःच्या कथांचं बाड! त्याने दोन कथा वाचल्या. वडे फर्मास होते. कथा... असो. सगळे म्हणाले, "मस्त रे!" मी जरा जास्तच जोरात म्हणालो.

रात्री काही झोप येईना. ऑफिसात कुणाच्याही कोडवर मी पंचवीस शेरे मारतो, तेव्हा काही वाटत नाही. मग इथेच काय झालं? विचार करता करता आठवलं रविकिरण मंडळ.

शाळेत हे नाव आपण दोन मार्कांसाठी पाठ केलंय. पण मुळात तोही मित्रांचा कट्टाच होता हो! १९२३ साली पुण्यात माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे आणि मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे, नाट्यछटाकार दिवाकर अशी मंडळी एकत्र आली. रविवारी चहाला जमायचं, कविता वाचायच्या, चर्चा करायची. या जमण्याला 'सन-टी क्लब' असंही म्हणत. त्यातले बरेचसे शिक्षकी पेशातले, म्हणजे आपल्यासारखेच आठवडाभर नोकरी करून सुट्टीच्या दिवशी आपली हौस जपणारे.

पण ते नुसते चहा पीत बसले नाहीत. त्याच वर्षी 'किरण' हा एकत्रित संग्रह काढला. यशवंत आणि गिरीश लोकांसमोर कविता गाऊन म्हणू लागले. आज आपण ज्याला काव्यवाचनाचा कार्यक्रम म्हणतो, तो मराठीत लोकप्रिय करण्यात या मंडळींचा मोठा वाटा आहे. माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक. मराठीत गझल रुजवली ती त्यांनी. पुढे त्यांना पुणं सोडावं लागलं, अमरावती आणि मग कोल्हापूर असा प्रवास झाला, पण लिहिणं थांबलं नाही.

आता दुसरी बाजू. एकाच टेबलावर चहा पिणाऱ्यांचा सूरही हळूहळू एकसारखा व्हायला लागतो. तेच प्रेम, तीच हुरहूर, तेच वळणदार शब्द. हे ठणकावून दाखवलं ते मंडळाबाहेरच्या माणसाने. प्र. के. अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावाने १९२५ साली 'झेंडूची फुले' काढलं आणि त्या काळच्या कवींची, त्यात या मंडळींची, अशी काही विडंबनं केली की महाराष्ट्र खो खो हसला. आपल्या भाषेत सांगायचं तर टीमने आपापसात सगळं पास केलं आणि बग सापडला तो थेट प्रॉडक्शनमध्ये, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर :-)

तरी मला सगळ्यात आवडते ती गोष्ट वेगळीच. माधव जूलियनांचा 'छंदोरचना' हा वृत्तांवरचा ग्रंथ पहिल्यांदा आला १९२७ साली. कौतुक घेऊन गप्प बसता आलं असतं. पण त्यांनी तो पुन्हा हातात घेतला, वाढवला, आणि नवी आवृत्ती काढली १९३७ साली. दहा वर्षं! आपल्याकडे दुसरं व्हर्जन दोन आठवड्यांत जातं, आणि तेही कसं जातं ते आपल्याला ठाऊक आहे.

म्हणजे मैत्री नसती तर ही मंडळी लिहिती राहिली असती का, कोण जाणे. पण निव्वळ मैत्रीवर लिखाण सुधारत नाही, हेही तितकंच खरं. आमच्या मित्राला कथा प्रकाशकाकडे पाठवायच्या आहेत. तिथे त्याला कुणी वडे खाऊन मग बोलणार नाही.

काल शेवटी त्याला फोन केला. म्हटलं, "पहिली कथा मला आवडली नाही. दुसरीतली आजी मात्र खरी आहे, तिच्यावरच लिही."

दोन मिनिटं तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "त्या दिवशी का नाही बोललास?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुढच्या रविवारी बैठक त्याच्या घरी आहे. ये म्हणालाय. आजीची कथा नव्याने लिहून ठेवतोय, आणि चहा तोच करणार आहे.