घाटमाथ्याच्या पाण्यावरची वीज

सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस बहुतांशी पूर्वेकडे वाहतो. इंद्रायणी, मुळा, कोयना या नद्या अरबी समुद्रापासून काही कोसांवर उगम पावतात आणि अखेरीस बंगालच्या उपसागराला मिळतात. त्याच माथ्याची पश्चिमेची कड मात्र कोकणात सरळ तुटलेली आहे. माथ्यावर पाणी अडवून ते या कड्यावरून खाली सोडले, तर थोड्या पाण्यात भरपूर वीज मिळते. पश्चिम महाराष्ट्रातील जलविद्युत याच उताराच्या बळावर उभी राहिली.

भारतातील पहिले जलविद्युत केंद्र दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथे १८९७ साली सुरू झाले. १९०२ मध्ये कावेरीवरील शिवनसमुद्र येथून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज जाऊ लागली. मुंबईची गरज यापेक्षा फार मोठी होती. गिरण्या वाफेवर चालत, त्यांना लागणारा कोळसा लांबून आणावा लागे आणि धुराने शहर काळवंडले होते. घाटावरच्या पावसातून वीज काढण्याची कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. ते १९०४ मध्ये वारले. पुढे त्यांचे पुत्र दोराबजी यांच्या काळात १९१० साली कंपनी स्थापन झाली. भांडवल देशातच उभे राहिले. लोणावळा, वळवण आणि शिरवता येथे तलाव बांधले गेले. तिथले पाणी पोलादी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीच्या वीजगृहात आणले गेले आणि १९१५ साली वीज मुंबईला पोहोचली. त्यानंतर १९२२ मध्ये आंध्रा नदीवरील ठोकरवाडी धरणाच्या पाण्यावर भिवपुरीचे आणि १९२७ मध्ये मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे केंद्र सुरू झाले. जनित्रे फिरवून बाहेर पडणारे पाणी पाताळगंगा, उल्हास आणि कुंडलिका या नद्यांना मिळू लागले आणि पावसाळ्यानंतर आटणारी त्यांची पात्रे वाहती राहिली.

या विजेची किंमत मुळशी पेट्याने मोजली. मुळा आणि निळा नद्यांच्या खोऱ्यातली भातखाचरे पाण्याखाली जाणार हे उघड होताच मावळ्यांनी विरोध सुरू केला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रहाला तोंड फुटले. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्याचे पुढारी. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. सावकार आणि मोठे जमीनमालक मोबदला घेऊन बाजूला झाले, कुळे एकाकी पडली. पुढे रेल्वेगाडी अडवल्याबद्दल बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण झालेच. धरणाविरुद्ध विस्थापितांनी दिलेला हा देशातील सुरुवातीचा संघटित लढा होता. मुळशीच्या पाण्यातून वीज निघण्याआधी जे घडले, तेही या विजेच्या इतिहासाचाच भाग आहे.

स्वातंत्र्यानंतर हीच रचना कोयनेवर कितीतरी मोठ्या प्रमाणात झाली. हेळवाकजवळ १०३ मीटर उंचीचे धरण बांधून शिवसागर जलाशय तयार झाला. पाणी बोगद्यांतून डोंगराच्या पोटातील पोफळीच्या वीजगृहाकडे वळवण्यात आले. पहिल्या टप्प्याची वीज १९६२च्या सुमारास मिळू लागली. पुढच्या टप्प्यांसह प्रकल्पाची एकूण क्षमता १९०० मेगावॅटच्या पुढे गेली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंपाचा तीव्र धक्का बसला. सुमारे १८० माणसे दगावली. धरणाला तडे गेले, पण ते उभे राहिले आणि नंतर मजबूत करण्यात आले. जलाशयातील पाण्याच्या भारामुळे भूकंप होतो का, या प्रश्नाच्या अभ्यासात कोयना तेव्हापासून जगभर महत्त्वाची मानली जाते. धरणग्रस्तांपैकी काही कुटुंबांना मात्र पर्यायी जमिनीसाठी दुसऱ्या-तिसऱ्या पिढीपर्यंत थांबावे लागले.

पश्चिमेला वळवलेले पाणी कृष्णेच्या खोऱ्यातून कायमचे वजा होते. म्हणून कृष्णा पाणीतंटा लवादाने १९७० च्या दशकात कोयनेच्या या वापराला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली. जलवर्ष १ जूनला सुरू होते आणि पुढच्या मे अखेरपर्यंत हा कोटा पुरवून वापरावा लागतो. त्यामुळे वीजनिर्मिती मुख्यतः विजेची मागणी वाढते त्या तासांसाठी राखली जाते. पाऊस कमी झालेल्या वर्षी सांगलीकडच्या शेतीसाठी धरणाच्या पायथ्यातून पूर्वेला पाणी सोडायचे असते. तेव्हा कोटा शिल्लक असूनही पोफळीची जनित्रे थांबवण्याची वेळ येते.