व्हिडिओ खेळांतील जपानी युद्धकला : घावाच्या निर्णयाचा प्रश्न

जपानी युद्धकलांच्या इतिहासाचा विचार करताना व्हिडिओ खेळांना साधन म्हणून सहसा स्थान दिले जात नाही. या खेळांत दिसणारे केंडो वा कराटे हे मूळ कलेचे विकृत अनुकरण होय, तेव्हा इतिहासाच्या दृष्टीने त्याचे मोल ते काय, असा युक्तिवाद या उपेक्षेमागे असतो. तो कितपत ग्राह्य आहे हे तपासून पाहणे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्रथम 'मूळ' कशास म्हणावयाचे, ते पाहिले पाहिजे. केंडो हीच मुळात एक प्रतिकृती आहे. जिकिशिनकागे संप्रदायातील नागानुमा शिरोझाएमोन कुनिसातो याने इ. स. १७११ ते १७१५ या काळात बांबूची तलवार (शिनाई) व संरक्षक साज यांच्या साहाय्याने शिकविण्याची पद्धती सिद्ध केली. तिच्यामुळे जीव न गमावता पूर्ण शक्तीनिशी घाव घालणे शक्य झाले. परंतु त्याच क्षणी एक नवा प्रश्नही उभा राहिला. खऱ्या तलवारीच्या द्वंद्वात घावाचा निर्णय जखम करते. बांबूच्या तलवारीने जखमच होत नाही, तर निर्णय कोणी व कशावरून करावयाचा?

१८७६ साली मेजी शासनाने तलवार बाळगण्यास बंदी केल्यानंतर ही विद्या पोलीस दल व शाळा यांच्या आश्रयाने टिकली. १८९५ साली क्योतो येथे 'दाइ निप्पोन बुतोकु काइ' ही संस्था स्थापन झाली. महायुद्धोत्तर अमेरिकी अमलात, १९४६ साली, ती विसर्जित झाली. १९५२ साली अखिल जपान केंडो महासंघ अस्तित्वात आला. आजच्या नियमांनुसार वैध घावास (इप्पोन) केवळ स्पर्श पुरेसा नाही. मन, तलवार व देह यांची एकतानता हवी, तलवारीच्या धारेची दिशा योग्य हवी आणि घावानंतरही सावधपणा (झानशिन) टिकावयास हवा. गुण मिळाल्याचा आनंद उघड व्यक्त करणाऱ्याचा तो गुण रद्दही होऊ शकतो. सारांश, येथे निर्णय पंचांच्या डोळस साक्षीवर अवलंबून आहे.

व्हिडिओ खेळांपुढे नेमका हाच प्रश्न नव्या रूपाने आला. टेक्नोस जपानने निर्मिलेल्या व डेटा ईस्टने प्रसिद्ध केलेल्या 'कराटे चॅम्प' (१९८४) या खेळाने तो स्पर्धेच्या रीतीने सोडविला. पडद्यावर पंच उभा असे, एका आघातास पूर्ण वा अर्धा गुण मिळे, आणि गुण मिळताच झुंज थांबे. या निष्ठेचा पुरावा एका न्यायनिवाड्यात सापडतो. अशाच दुसऱ्या एका कराटे-खेळाविरुद्ध डेटा ईस्टने अमेरिकेत अनुकरणाचा दावा लावला होता. १९८८ साली तेथील अपील न्यायालयाने तो फेटाळला; दोन्ही खेळांतील साम्ये कराटेच्या क्रीडास्वरूपातून व संगणकाच्या मर्यादांतून अपरिहार्यपणे उद्भवतात, असा त्या निर्णयाचा आशय होता. नक्कल एकमेकांची नव्हती. दोघांचाही आधार एकच होता.

तथापि पुढील काळात दुसरी रीत प्रबळ झाली. 'यी आर कुंग-फू' (१९८५) व विशेषतः 'स्ट्रीट फायटर २' (१९९१) यांत प्रत्येक योद्ध्याच्या नावे एक शक्तिदर्शक पट्टी असते; प्रत्येक आघाताने ती थोडी थोडी घटते. पंच नाहीसा झाला, आणि घाव ही निर्णायक घटना न राहता केवळ वजाबाकी झाली. नाणे टाकून खेळणाऱ्यास पहिल्याच चुकीने बाद करणे धंद्यास परवडणारे नव्हते, हेही या बदलाचे एक कारण मानता येईल. 'सामुराई शोडाउन' (१९९३) मध्ये तलवारीच्या एकाच जबर घावाने पट्टीचा मोठा भाग नष्ट होई. हा त्या रीतीच्या चौकटीतीलच अपवाद होय.

या पार्श्वभूमीवर १९९७ साली स्क्वेअरने प्रसिद्ध केलेला 'बुशिदो ब्लेड' लक्षणीय ठरतो. त्यात पट्टी नाही व कालमर्यादाही नाही. मर्मावर बसलेल्या एका घावात द्वंद्व संपते, आणि पायास जखम झालेला योद्धा उभाही राहू शकत नाही. शिवाय पाठीमागून वार करणाऱ्या खेळाडूची कथा अर्ध्यावरच संपुष्टात येते. म्हणजे पंच परत आला. मात्र तो आता अदृश्य होता व घावाच्या नीतीचा निवाडा करीत होता.

२००९ च्या 'वी स्पोर्ट्स रिझॉर्ट'मध्ये खेळाडूच्या हाताची प्रत्यक्ष हालचाल मोजली जाऊ लागली. परंतु पदन्यासाची गणना तेथे नव्हती. त्रयीपैकी तलवार साधली, देह अर्धाच साधला. मनाचे काय? झानशिन हा घाव संपल्यानंतरचा भाव आहे, आणि यंत्रास घाव बसला की हिशेब संपतो. 'बुशिदो ब्लेड'नेही कृती तपासली, वृत्ती नव्हे.

यावरून व्हिडिओ खेळ केंडोचे यथार्थ चित्र देतात, असा निष्कर्ष निघत नाही. परंतु नागानुमाच्या शिनाईने जो प्रश्न उपस्थित केला, त्याची ही एकामागून एक दिलेली उत्तरे होत. घाव कोणता मानावा हे ठरविताना प्रत्येक पिढीने युद्धकलेचे सार कशात पाहिले व कशाचा त्याग केला, हे या खेळांच्या नियमांत नोंदलेले आहे. म्हणून अभ्यासकाने पडद्यावरील वेशभूषा पाहून थांबू नये. प्रथम गुणदानाची रीत वाचावी.