चुलीपाशींचे परके शब्द

भाषांच्या देवघेवीचा इतिहास शोधावयाचा म्हटला, म्हणजे विद्वान् मंडळी शिलालेख, बखरी आणि कोश यांकडे वळतात. परंतु राजदरबारांत झालेल्या देवघेवीहून अधिक खोल अशी देवघेव चुलीपाशीं झालेली असते, आणि तिचा माग काढावयाचा तर बंदरावर जावें लागतें.

रत्नागिरीच्या दक्षिणेस मुचकुंदी नदी जेथें समुद्रास मिळते, तेथें पूर्णगडचा लहानसा किल्ला व त्याच्या पायथ्याशीं तसेंच लहानसें बंदर आहे. या बाजूच्या घरांतील नित्याचे जिन्नस घ्या: आंबा, फणस, खोबरें, काजू आणि मासळी. यांपैकीं पहिल्या तिहींस इंग्रजींत ‘मँगो’, ‘जॅक’ व ‘कोप्रा’ म्हणतात. हे शब्द कोंकणांतून गेलेले नाहींत. ते मलबारी भाषेंतून पोर्तुगीजांच्या तोंडीं बसले व त्यांच्याकडून इंग्रजांस मिळाले. कारण उघड आहे. १४९८ सालीं वास्को द गामा कालिकतच्या किनाऱ्यास लागला. गोवा पोर्तुगीजांकडे आला तो १५१० मध्यें. जहाज ज्या बंदरीं आधीं लागतें, त्या बंदराचा शब्द जगांत जातो. काजूचा प्रवास याच्या उलट. हें झाड आणि त्याचें नांव हीं दोन्हीं पोर्तुगीजांनीं ब्राझीलहून आणलीं. आपला ‘काजू’ आणि इंग्रजांचा ‘कॅशू’ हीं एकाच आईचीं लेंकरें होत. पुढें १६६८ सालीं मुंबई कंपनीच्या ताब्यांत आली, आणि आपल्या बोंबलाचा इंग्रजींत ‘बमेलो’ झाला.

वस्तूबरोबर आलेला शब्द हा पाहुण्याबरोबर आलेल्या सामानासारखा असतो. त्याबद्दल कोणी तक्रार करूं नये. बटाटा आणि पाव यांवांचून आज कोणाचें घर चालतें? परंतु शब्दांची दुसरीही एक जात आहे. ती वस्तूबरोबर येत नाहीं. घरांत असलेल्या शब्दास बाहेर काढून त्याच्या पाटावर बसते.

या प्रकाराचें उत्तम उदाहरण खुद्द इंग्रजी भाषाच होय. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें. त्यानंतरच्या शतकांत तेथील स्वयंपाकाची बहुतेक परिभाषा फ्रेंच बनली. गोठ्यांतील जनावर ‘काउ’ आणि ‘शीप’ राहिलें, परंतु ताटांत पडतांच तें ‘बीफ’ आणि ‘मटन’ झालें. राबणाराचा शब्द एक आणि खाणाराचा दुसरा, हें मर्म सर वॉल्टर स्कॉटनें ‘आयव्हानहो’ या १८१९ च्या कादंबरींत एका विदूषकाच्या तोंडून वदविलें आहे. ही वांटणी एका दिवसांत झाली नाहीं. ती पक्की होण्यास पुष्कळ काळ लागला. पण ‘बॉइल’, ‘फ्राय’, ‘रोस्ट’, ‘स्ट्यू’ हीं सारीं क्रियापदें फ्रेंचांकडूनच आलीं. शिजविण्याचा जुना इंग्रजी शब्द ‘सीद’ हा चुलीवरून उतरला, आणि आतां तो बहुधा मनांत खदखदणाऱ्या रागापुरता उरला आहे.

आतां आपल्या घराकडे पाहूं. पूर्णगडच्या बाजूस ज्या मासळीस ‘सरंगा’ म्हणतात, तीच शहरांतील खाणावळींत ‘पापलेट’ होते. हा शब्द इंग्रजी ‘पाँफ्रेट’च्याच गोतांतला असून त्याचें मूळ पोर्तुगीज ‘पांपो’ हें आहे. तामिळांतील ‘करी’ इंग्रजांनीं उचलली. १७४७ सालीं हॅना ग्लास या बाईंच्या पाकपुस्तकांत ती छापलीही गेली. आज तीच साहेबी पोषाख करून कोंकणच्या किनाऱ्यावर परतली आहे, आणि कालवण, तिखलें, सार, आमटी या सर्वांस एकाच नांवानें हांक मारूं लागली आहे.

क्रियापदांची गोष्ट याहून नाजूक आहे. आपण पुरी तळतों, पण भाजी परततों. पाणी उकळतों, बटाटा उकडतों आणि भात शिजवतों. शब्द बदलला कीं तेलाचें माप बदलतें, विस्तवाचा जोर बदलतो, झांकण ठेवावयाचें कीं नाहीं हेंही ठरतें. हल्लींच्या सुशिक्षित घरांत यांपैकीं दोन कामांस ‘फ्राय करणें’ आणि उरलेल्या तिहींस ‘बॉइल करणें’ असें म्हणण्याचा प्रघात पडत चालला आहे. हा केवळ अभिमानाचा प्रश्न नव्हे. आपल्या आजीबाईंनीं पाककृति लिहून ठेवल्या नाहींत. त्यांनीं त्या क्रियापदांत सांठवून ठेवल्या. ‘परत’ हा एकच शब्द सुनेला सांगितला, कीं उरलेलें तिला कळत असे. तो शब्द गेला, तर त्याबरोबर ती सूचनाही जाईल.

इंग्रजांवर त्यांची परिभाषा जेत्यांचें राज्य असतां लादली गेली. १८१८ सालीं पेशवाई संपून हा मुलूख इंग्रजांकडे गेला. तरी त्या राज्यांतही आमच्या बहुतेक घरांत भाजी परतलीच जात होती. तें राज्य १९४७ सालीं गेलें, आणि आतां तिला ‘फ्राय’ आम्ही आपखुषीनें करीत आहों. बंदर खुलें असावें, आलेल्या मालास जकात नसावी, हें खरें. पण आलेला माल ठेवण्यासाठीं घरांतलें भरलेलें कोठार रितें करावें, असें कोणताही शहाणा व्यापारी सांगणार नाहीं.