टॉवरचं काम मिळतं कुणाकडं?

पेट परीक्षेनंतरच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: "तुमच्या विषयाची साधनं कोणती?" विषय इतिहासाचा असेल तर उत्तर सोपं वाटतं. दप्तरखान्यात जायचं, अर्ज भरायचा, फायली काढून घ्यायच्या. पण समजा, तुमचा विषय आहे मोबाईल टॉवर सांभाळणारा टेक्निशियन. तो कामाला कसा लागतो, आणि त्याच्या आधी तारा-खांबांचं काम करणारा माणूस कसा लागायचा? आता सांगा, कुठला दप्तरखाना आणि कुठली फाईल? माझं पदव्युत्तर शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं, त्यामुळं टॉवर कसा चालतो ते मला आधीपासून माहीत होतं. तो चालवणारा माणूस कुणाच्या हजेरीपटावर असतो, हा प्रश्न मात्र त्या अभ्यासक्रमात कधी आलाच नाही.

कोल्हापूरची शिवाजी पेठ घ्या. निवृत्ती चौकातून उभा मारुती चौकाकडं मान वर करून चालत गेलात तर गच्च्यांवर लोखंडी खांब आणि त्यांना लावलेले पांढरे अँटेना दिसतील. आता याच पेठेतला एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. कळंबा रोडच्या शासकीय आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करून बाहेर पडलाय. टॉवर त्याला घराच्या गच्चीवरून दिसतो. त्यावरून येणारं नेटवर्क कुठल्या कंपनीचं, हेही ठाऊक आहे. पण त्या कंपनीकडं अर्ज केला तर बहुतेक वेळा काही होत नाही, कारण टॉवर सांभाळायला ती कंपनी स्वतः माणूस ठेवतच नाही. मग ठेवतं कोण?

आधी काम काय ते नीट पाहू, कारण इथं बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. टॉवरवर चढून अँटेना बसवणारा, मायक्रोवेव्हची डिश समोरच्या टॉवरशी जुळवणारा तो रिगर. टॉवर टेक्निशियनचा बहुतेक वेळ खाली जातो. तो मुख्यतः विजेचा माणूस. टॉवरवरची यंत्रं उणे ४८ व्होल्टच्या डीसी पुरवठ्यावर चालतात. उणे का? तर धन टोक जमिनीला जोडलं की ओलाव्यात तांब्याच्या तारा कमी गंजतात. ही रीत लँडलाईन टेलिफोनच्या काळापासूनची, मोबाईलनं ती तशीच उचलली. वीज गेली की बॅटरी, बॅटरी उतरली की जनरेटर, जनरेटरला डिझेल. या साखळीतला कुठलाही दुवा तुटला की दूरच्या नियंत्रण कक्षात अलार्म वाजतो आणि टेक्निशियनचा फोन खणखणतो. रात्रीचे दोन असोत नाहीतर दिवाळीतला पाडवा, गाडीला किक मारायची आणि निघायचं. एकाकडं अशा अनेक साइट असतात. त्या सगळ्यांना मिळून क्लस्टर म्हणतात.

आता मागं जाऊ. मोबाईलच्या आधी हेच काम लाईनमनचं होतं, आणि मालक एकच होता, सरकार. १९८५ पर्यंत पोस्ट आणि तार खातं एकत्र होतं, मग दूरसंचार विभाग वेगळा झाला. सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवायचं आणि बोलावण्याची वाट बघायची, हा या नोकरीचा अधिकृत रस्ता. १९५९ च्या कायद्यानं रिक्त जागा त्या कार्यालयाला कळवणं बंधनकारक केलं होतं. दुसरा रस्ता जास्त वापरातला होता. खड्डे खणायला, खांब उभे करायला, केबल ओढायला रोजंदारीवर मजूर घेत आणि नाव मस्टरवर चढे. पगार कायम माणसापेक्षा कमी, पण मस्टर सरकारी. ही एवढीशी बाब पुढं फार मोठी ठरली.

ती कशी, ते बघा. पोस्ट-तार खात्यातल्या रोजंदारी मजुरांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २७ ऑक्टोबर १९८७ ला निकाल लागला. तेच काम करणाऱ्या कायम कामगाराच्या वेतनश्रेणीतलं किमान वेतन रोजंदारीवाल्यालाही द्या, आणि एक वर्षाहून जास्त सलग काम केलेल्यांना सामावून घेण्याची योजना आखा, असं न्यायालयानं सांगितलं. त्यातून दूरसंचार विभागाची १ ऑक्टोबर १९८९ पासूनची योजना आली. आधी तात्पुरता दर्जा, मग कायम नोकरी. म्हणजे १९८० च्या दशकात टिकाव घेऊन खड्डा खणायला आलेला माणूस पुढं सरकारी पेन्शनपर्यंत पोचू शकत होता. सगळे पोचले असं मी म्हणत नाही. पण दार होतं, आणि त्या दाराची चावी होती मस्टरवरची हजेरी.

मोबाईल या चित्रात आला तो १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणानंतर. ३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाईल कॉल कलकत्त्याहून दिल्लीला लागला. मुंबईला वेगळा परवाना होता. बाकीचा महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल धरलं गेलं, कोल्हापूर त्यात आलं. या सर्कलचे सुरुवातीचे दोन खासगी परवाने बिर्ला एटी अँड टी आणि बीपीएल यांना मिळाले. पुढची गंमत पाहा. बिर्ला एटी अँड टीची झाली आयडिया. बीपीएलचं हे सर्कल गेलं हचकडं, हचची झाली व्होडाफोन, आणि ३१ ऑगस्ट २०१८ ला व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. एकमेकांशी स्पर्धा करायला आलेल्या दोन कंपन्या तेवीस-चोवीस वर्षांनी एकाच घरात नांदायला लागल्या! टॉवर सांभाळणाऱ्याच्या दृष्टीनं याचा अर्थ साधा आहे: एकाच टॉवरवर दोघांचे अँटेना असतील तर भाडेकरू एकानं कमी.

भाडेकरू हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. सुरुवातीला प्रत्येक कंपनी स्वतःचा टॉवर उभा करायची. मग लक्षात आलं की लोखंड आणि जनरेटर वाटून घेता येतं. नोव्हेंबर २००७ मध्ये भारती, व्होडाफोन आणि आयडिया यांनी मिळून इंडस टॉवर्स काढली. नवी मुंबईच्या जीटीएल इन्फ्रास्ट्रक्चरनं २०१० मध्ये एअरसेलचे साडेसतरा हजारांच्या आसपास टॉवर घ्यायचा व्यवहार केला, आणि २०१८ मध्ये एअरसेलनंच दिवाळखोरी जाहीर केली. टॉवर हा आता मोबाईल कंपनीचा राहिला नाही, तो टॉवर कंपनीचा झाला. टॉवर कंपनी देखभालीचं कंत्राट देते, कंत्राटदार कधी पोटकंत्राटदार नेमतो, आणि पेठेतल्या मुलाचा पगार येतो तो या शेवटच्या माणसाकडून. मधे किती पायऱ्या आहेत हे त्या मुलालाही अनेकदा ठाऊक नसतं.

माझा खरा मुद्दा इथून पुढं आहे. टॉवर उगवत होते त्याच वर्षांत ते १९८७ चं दार बंद होत होतं. कंत्राटी पद्धत रद्द झाली की कामगार आपोआप मूळ मालकाचा, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये म्हटलं होतं. २००१ च्या स्टील अथॉरिटी खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठानं ते उलटवलं. १० एप्रिल २००६ ला उमादेवी खटल्यात सरकारी खात्यांतल्या तात्पुरत्या कामगारांना केवळ अनेक वर्षं काम केलं म्हणून कायम करण्याचा रस्ताही जवळजवळ बंद झाला. दुसऱ्याच वर्षी इंडस. लाईनमनच्या पिढीला ज्या वाटेनं आत येता आलं, ती वाट टॉवरच्या पिढीला मिळाली नाही.

थांबा, लगेच "म्हणून" लिहू नका. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एकीमुळं दुसरी घडली असं होत नाही, हे विज्ञानवाल्यांना वेगळं सांगायला नको. एक पर्यायी स्पष्टीकरण तंत्रज्ञानाचं आहे. टेलिफोन एक्स्चेंज म्हणजे एक इमारत, एक दरवाजा, आत हजेरीपट. मोबाईलचं जाळं म्हणजे शेकडो ठिकाणी विखुरलेली कुलूपबंद यंत्रं आणि मोटरसायकलवर फिरणारी थोडी माणसं. तेव्हा काम विखुरल्यामुळंच मालक हरवला असेल का? तपासायला एक कंट्रोल हाताशी आहे, बीएसएनएल. १ ऑक्टोबर २००० ला कारभार हाती घेतलेल्या या सरकारी कंपनीकडं टॉवरही होते आणि जुने कायम कामगारही. म्हणजे तंत्रज्ञान तेच, नोकरीचा इतिहास वेगळा. विखुरलेल्या टॉवरवरही कायम माणूस काम करू शकतो, एवढं तर यातून दिसतं. पण ३१ जानेवारी २०२० ला स्वेच्छानिवृत्ती घेऊन सुमारे ७८ हजार कर्मचारी एकाच दिवशी बाहेर पडले, आणि हा कंट्रोलही विरळ झाला. माझा कौल कायद्याच्या आणि कंत्राटाच्या बाजूनं आहे. तुम्हाला खोडून काढता आला तर जरूर काढा.

मग पेठेत काम मिळतं कसं? मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये मांडलं की नोकरीची खबर जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त येते. कारण जिवलगांना माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. शिवाजी पेठेत हे पडताळण्याजोगं आहे. इथं तालीम आणि तरुण मंडळ म्हणजे घट्ट नाती: फुटबॉलची मॅच, गणपतीची वर्गणी, अडीनडीला धावून जाणं. पण टॉवरच्या कामाची खबर बहुधा डिझेल भरायला येणारा, जनरेटर दुरुस्त करणारा किंवा क्लस्टरचा सुपरवायझर यांच्याकडून लागते. त्यांच्याशी ओळख फक्त चहाच्या गाड्यावरची. औपचारिक रस्ताही आहे: टेलिकॉम क्षेत्राच्या कौशल्य परिषदेचा टॉवर टेक्निशियनचा अभ्यासक्रम, किंवा १९६१ च्या कायद्याखालची अ‍ॅप्रेंटिसशिप. पण प्रमाणपत्र तुम्हाला मुलाखतीपर्यंत नेतं, आणि मुलाखत कुठं आहे हे सांगायला माणूस लागतोच. तुमच्या ओळखीचं कुणी या कामाला लागत असेल तर नेमणूकपत्र, पीएफ आणि ईएसआयचा नंबर आणि उंचीवर चढायचं असेल तर दुहेरी दोरीचा सेफ्टी बेल्ट, एवढं मिळाल्याशिवाय चढू नको म्हणावं. अपघात झाल्यावर "हा आमचा माणूस नाही" हे वाक्य या साखळीतल्या प्रत्येकाला म्हणता येतं.

२०१९ चा ऑगस्ट आठवा. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, शहराकडं येणारी वाहतूक ठप्प, पेट्रोल-डिझेलची टंचाई. फोन चालू राहणं म्हणजे माणसं सापडणं, असे ते दिवस होते. पुराची पातळी, विसर्ग, बोटींची संख्या, सगळ्याची नोंद झाली. कुठल्या टॉवरला कुणी खांद्यावरून डिझेलचा कॅन नेला, हे इतिहासकाराला सहज मिळेल अशा जागी लिहिलेलं नाही.

म्हणूनच साधनांचा प्रश्न पुन्हा. एक साधन मला फार मोलाचं वाटतं आणि ते दप्तरखान्यात नाही, कामगाराच्या मोबाईलमध्ये आहे. २०१४ पासून पीएफ खात्यांना यूएएन हा एकच क्रमांक मिळू लागला. नोकरी बदलली तरी क्रमांक तोच. त्याखाली एकेका आस्थापनेचं नाव आणि महिन्यागणिक भरणा दिसतो. टॉवर तोच, काम तेच, माणूस तोच, आणि पासबुकात मालकांची नावं मात्र एकाखाली एक. मधेच काही महिने कोरे असतात, ते कंत्राट बदलाचे की पैसे न भरल्याचे, हे त्या माणसालाच विचारावं लागतं. १९८० च्या दशकातल्या मस्टरशी हे पासबुक शेजारी ठेवून वाचता येईल. अर्थात ते खासगी कागद आहेत. लेखी संमती, नाव बदलणं, क्रमांक झाकणं, हे सगळं आधी. आणि बोलायला जाल तेव्हा पावसाळ्यात जाऊ नका, वीज सारखी जाते, समोरचा माणूस दहा मिनिटंही जागेवर बसत नाही.