बारीतली बाई आणि पुस्तकातली नटी

पुणे-सोलापूर रस्त्यावर दौंड तालुक्यात चौफुला लागतो. या ठिकाणाचे नाव राज्यभर पोचले ते इथल्या कला केंद्रांमुळे. संगीत बारीच्या पार्ट्या इथे मुक्कामाला असतात. पेटी, तबला आणि ढोलकीच्या साथीवर बैठकीच्या लावण्या रंगतात. वर उत्तरेला जुन्नर तालुक्यातले नारायणगाव. तिथल्या राहुट्यांत गावोगावच्या यात्रांच्या सुपाऱ्या ठरतात. चौफुला आणि नारायणगाव यांच्या मधे येतो शिरूर-दौंडचा मुलूख. त्यामुळे इथल्या माणसाला पडद्यावरचा तमाशा खरा की खोटा, हे कुणी सांगावे लागत नाही.

१९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. त्यात हंसा वाडकर होत्या आणि पाटलाच्या अत्याचाराचा सूड घेणारी तमाशातली मुलगी होती जयश्री गडकर. पडद्यावरच्या या दोघींची पुढे आत्मचरित्रेही निघाली.

हंसाबाई आधी. त्यांनी आपले आयुष्य अरुण साधूंना सांगितले, साधूंनी ते शब्दांकित केले. ‘माणूस’ साप्ताहिकातून ते लोकांसमोर आले आणि १९७० साली पुस्तक निघाले. नाव चित्रपटाचेच, ‘सांगत्ये ऐका’. मूळच्या रतन साळगावकर. घराण्यात कलावंतिणींची परंपरा. लहानपणीच घर चालवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या. लग्न, दारू, फसवणूक यांतले काहीही त्यांनी झाकले नाही. मराठीत नट-नट्यांची आत्मचरित्रे पुष्कळ आहेत, पण इतके निर्भय दुसरे क्वचितच सापडेल. १९७७ साली श्याम बेनेगल यांनी त्यावरून ‘भूमिका’ काढला आणि त्यातल्या अभिनयासाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

जयश्रीबाईंची वाट वेगळी, ती दूरदर्शनपर्यंत गेली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, पुढच्याच वर्षी सिंहगडावरचे प्रक्षेपण केंद्र आले आणि पुणे परिसरात घराघरांत पडदा उजळला. १९८६ साली ‘अशी मी जयश्री’ हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. जानेवारी १९८७ मध्ये रामानंद सागर यांचे ‘रामायण’ सुरू झाले आणि त्यात त्या कौसल्या होत्या. दशरथ होते त्यांचे पती बाळ धुरी. ज्या घरांत तमाशाचे नाव काढायची सोय नव्हती, त्याच घरांत रविवारी सकाळी लोक आंघोळी उरकून त्यांच्यासमोर बसू लागले. पडद्यावर फडात नाचणारी बाई रामाची आई झाली. आवडत्या नटीचे आत्मचरित्र हाती घेणाऱ्या वाचकाला हा सगळा प्रवास हवा असतो, पण ‘रामायण’च्या आधीच निघालेल्या पुस्तकात त्याचा हा शेवटचा टप्पा येऊ शकत नाही.

दुर्गा खोटे (‘मी, दुर्गा खोटे’), स्नेहप्रभा प्रधान (‘स्नेहांकिता’) यांनीही लिहिले. पण ज्यांच्या कलेवर तमाशापट उभे राहिले, त्या बारीतल्या आणि फडातल्या बायकांचे काय? विठाबाई नारायणगावकर यांना राष्ट्रपती पदक मिळाले, त्यांचे आयुष्य योगीराज बागूल यांनी पुस्तकात आणले, म्हणून ते टिकले. त्यांच्याएवढे नाव न झालेल्या कितीतरी जणींची लावणी, अदा, कर्ज, लेकरांच्या शाळा हे सारे त्यांच्याबरोबरच संपते. पडद्यावरच्या तमाशावालीला आपण टाळ्या दिल्या, पण बारीतल्या बाईचे म्हणणे ऐकून घ्यायला फारसे कुणी गेले नाही. ही उणीव मोठी आहे.

लिहिता आले नाही तरी सांगता येते, हे हंसाबाईंनी आणि साधूंनी दाखवून दिले आहे. शिरूर-दौंडच्या वाचनालयांनी आणि महाविद्यालयांतल्या मराठी विभागांनी हे काम अंगावर घ्यावे. चौफुल्याच्या वयस्क कलावंतांकडे त्यांच्या सवडीने जावे, त्या सांगतील तेवढेच आणि सांगतील तसेच उतरवून घ्यावे, आणि पुस्तकावर नाव त्यांचेच छापावे.